शितावरून भाताची परीक्षा: हिपॅटायटिस सी विषाणूची विविधता मोजायला शिकताना

प्रोजेक्टला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, सिक्वेन्सिंगला कधी बसायचं?" खरं सांगायचं तर सिक्वेन्सिंग, म्हणजे जीनोमची अक्षरं क्रमाने वाचणं, हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. मशीन चालतं, फाइल येते. डोकं लागतं ते त्याच्या आधी आणि फाइल उघडल्यावर. कॉलेजात पीसीआर आणि जेल केलंय, पण विषाणूच्या सॅम्पलला अजून हात लावलेला नाही, अशांना समोर ठेवून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हा विषाणू इतका बदलतो की त्याची विविधता मोजायला घेतलेली अवजारंच त्या विविधतेपुढे फसतात. प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो तो आखूड तुकडा) बसवायला क्रम माहीत हवा, आणि क्रम शोधायलाच तर आपण निघालोय. पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीवर ही अडचण वेष बदलून समोर येईल. ती ओळखता आली की निम्मं काम शिकलात.

विषाणूची कामापुरती ओळख

हिपॅटायटिस सी हा आधी क्रमातून सापडलेला विषाणू. रक्त चढवलेल्या लोकांना कावीळ व्हायची, ए नाही, बी नाही, म्हणून त्या आजाराला 'ना ए, ना बी' असंच म्हणत. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन आणि सहकाऱ्यांनी बाधित चिंपांझीच्या रक्तद्रवातून क्लोन काढून विषाणूचा तुकडा पकडला. पुढे २०२० चं नोबेल हॉटन, हार्वे आल्टर आणि चार्ल्स राइस यांना मिळालं.

जीनोम एकपदरी आरएनएचा, सुमारे ९,६०० अक्षरांचा. पुढे-मागे भाषांतरित न होणारे पट्टे आणि मध्ये एकच लांब वाचनचौकट. तिच्यातून सुमारे ३,००० अमिनो आम्लांचं एक सलग प्रथिन बनतं आणि त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिनं तयार होतात: कोअर, ई१, ई२, पी७, एनएस२, एनएस३, एनएस४ए, एनएस४बी, एनएस५ए, एनएस५बी. जगभर मोजणी 'एच७७' नावाच्या संदर्भक्रमावरून करतात. जेनबँकेत, म्हणजे क्रमांच्या सार्वजनिक भांडारात, त्याचा नंबर एएफ००९६०६. कोणी '८४४५ वं स्थान' म्हणालं की ते एच७७ वरचं असं समजायचं. हे पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पाडा, नाहीतर प्रत्येक पेपर वाचताना गोंधळ होईल.

बदल कुठून येतो? एनएस५बी हे आरएनएची नक्कल करणारं एन्झाइम. नक्कल करताना झालेली चूक मागे वळून तपासायची सोय त्याच्याकडे नाही. दर १०,००० ते १,००,००० अक्षरांमागे एखादी चूक होते. आता दुसरा आकडा: दीर्घकाळ बाधित असलेल्या माणसाच्या शरीरात रोज साधारण एक लाख कोटी विषाणूकण तयार होतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की लक्षात येतं, एका अक्षराचा जो जो बदल शक्य आहे तो रोज, अनेकदा घडत असतो. त्यातले बरेच बदल विषाणूलाच नडतात आणि गळून पडतात. उरतो तो एकमेकांशी नातं असलेल्या पण एकसारख्या नसलेल्या विषाणूंचा जमाव. त्याला क्वासिस्पीशीज म्हणतात.

या जमावापलीकडे मोठी विभागणी आहे ती जीनोटाइपची. आजवर आठ जीनोटाइप आणि सुमारे ९० सबटाइप नक्की झालेत. दोन जीनोटाइपांमध्ये अक्षरांचा फरक ३० टक्क्यांच्या आसपास, तर एकाच जीनोटाइपातल्या दोन सबटाइपांत साधारण १५ ते २५ टक्के. भारतात तिसऱ्या जीनोटाइपाचा वरचष्मा, त्यामागून पहिला. म्यानमारच्या सीमेलगतच्या ईशान्येकडे सहावाही भेटतो. आठवा जीनोटाइप २०१८ मध्ये जाहीर झाला, तोही कॅनडात राहणाऱ्या, मूळच्या पंजाबातल्या चार रुग्णांमध्ये. त्यांचा आपसात काही संबंध नव्हता. म्हणजे आपल्याकडचा सगळा विषाणू वाचून झालाय, असं अजिबात नाही.

पायरी १: आधी प्रश्न, मग पट्टा

"विविधता अभ्यासायची आहे" हा प्रश्न नव्हे, ही इच्छा झाली. कुठली विविधता, यावर जीनोमचा कुठला पट्टा वाचायचा ते ठरतं.

नुसतं 'विषाणू आहे की नाही' हे बघायचं असेल तर सुरुवातीचा न बदलणारा पट्टा, म्हणजे ५' यूटीआर, उत्तम. तो सगळ्या जीनोटाइपांत जवळपास सारखा असल्याने प्रायमर हमखास बसतात. पण याच कारणाने तो विविधतेसाठी निरुपयोगी. १ए आणि १बी हे सबटाइप वेगळे करताना तो चकतो, आणि सहाव्या जीनोटाइपाच्या काही सबटाइपांचा हा पट्टा तर थेट पहिल्यासारखा दिसतो.

सबटाइप ठरवायला नवख्याने एनएस५बी मधला सुमारे ३४० अक्षरांचा तुकडा घ्यावा, एच७७ वर साधारण ८,२७६ ते ८,६१५. जोडीला कोअर-ई१ चा पट्टा मिळाला तर सोन्याहून पिवळं. एकमेकांपासून दूरचे दोन पट्टे का? सेंट पीटर्सबर्गमध्ये २००२ मध्ये वर्णन झालेला एक विषाणू पुढच्या भागात २के आणि मागच्या भागात १बी निघाला. दोन सबटाइपांच्या जोडणीतून तयार झालेला होता तो, आणि सांधा एनएस२-एनएस३ च्या आसपास. फक्त कोअर वाचणाऱ्याने त्याला २के म्हटलं असतं, फक्त एनएस५बी वाचणाऱ्याने १बी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण अर्धं पातेलं भाताचं आणि अर्धं खिचडीचं असेल तर एका शिताने भागत नाही.

औषधाला दाद न देणारे बदल शोधायचे असतील तर पट्टा औषधाप्रमाणे निवडायचा. सोफोसबुवीर एनएस५बी वर काम करतं. त्याच्याशी निगडित २८२ क्रमांकाचा कोडॉन (एका अमिनो आम्लाची तीन अक्षरं) एच७७ वर ८,४४५ पासून सुरू होतो, म्हणजे वरच्या ३४० अक्षरांत तो आपसूक सापडतो. पण डॅक्लाटासवीर आणि वेल्पाटासवीर यांचं लक्ष्य एनएस५ए. तिथला बहुचर्चित ९३ वा कोडॉन ६,५३४ वर आहे. त्यासाठी एनएस५ए वेगळं वाचावं लागतं, एनएस५बी कितीही सुंदर आलं तरी.

आणि कोणाकडून कोणाला संसर्ग गेला असावा, असा प्रश्न असेल तर सावकाश बदलणारा पट्टा कामाचा नाही. थोडं गणित करू. हा विषाणू वर्षाला दर स्थानामागे साधारण एक सहस्रांश या वेगाने बदलतो. ३४० अक्षरांत वर्षाला ०.३४ बदल, म्हणजे तीन वर्षांत जेमतेम एक. सहा महिन्यांपूर्वीच्या साथीतले सगळे रुग्ण एनएस५बी मध्ये तंतोतंत सारखे दिसू शकतात. अशा वेळी ई२ च्या टोकाचा एचव्हीआर१ हा २७ अमिनो आम्लांचा पट्टा घेतात, ३८४ ते ४१०. प्रतिपिंडांचा मारा थेट त्याच्यावर असल्यामुळे तो झपाट्याने बदलतो.

कोणी विचारेल, आता सगळ्या जीनोटाइपांवर चालणारी औषधं आली, मग हा खटाटोप कशाला? राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून उपचार मोफत देतो आणि बहुतेक रुग्णांना उपचार सुरू करायला जीनोटाइप लागत नाही, हे चांगलंच आहे. पण औषध घेऊनही बरे न झालेले जे थोडे उरतात, त्यांच्यात काय आहे ते क्रमाशिवाय कळत नाही. ३बी सबटाइपाचंच बघा. त्याच्या एनएस५ए मध्ये ३० आणि ३१ या दोन्ही जागी अडथळा आणणारे बदल बहुधा जन्मजातच असतात. ३ए आणि ३बी यांना नुसतं 'जीनोटाइप ३' म्हणून एका टोपलीत टाकलं की हा फरक दिसेनासा होतो.

पायरी २: परवानगी, नळी, फ्रीजर

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती हाती आल्याशिवाय एकही नळी उघडायची नाही. सॅम्पलवर नाव लिहायचं नाही, सांकेतिक क्रमांक लिहायचा. सोबत रक्त घेतल्याची तारीख, जिल्हा, आधी उपचार झाले होते का आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ही माहिती त्याच दिवशी नोंदवा. सहा महिन्यांनी ती गोळा करायला गेलात तर हाती धुपाटणं येतं.

रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपॅरिन पीसीआर अडवतं. अशी सॅम्पल आली तर आनंदाने परत पाठवा. शक्यतो सहा तासांत रक्तद्रव वेगळं करून छोट्या नळ्यांत विभागा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. विभागून अशासाठी, की एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की आरएनएचे तुकडे होतात.

अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहेच असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुमारे ३० टक्के लोकांमध्ये विषाणू सहा महिन्यांत उपचाराविना निघून जातो, अँटीबॉडी मात्र राहते. म्हणून आरएनए पॉझिटिव्ह असलेलीच सॅम्पल घ्या.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: जैवसुरक्षा पातळी २ ची लॅब, हातमोजे, कॅबिनेट. हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्या. सी ची लस अस्तित्वात नाही. आणि एक सूचना जी किटच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: आरएनए काढायच्या किटमधल्या ग्वानिडीनयुक्त द्रावणात ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइट, कधीही ओतू नका. विषारी वायू तयार होतो. सांडलं तर आधी साबण-पाण्याने पुसा.

पायरी ३: आरएनए काढणं आणि पाटीवरचं गणित

कॉलमच्या किटने आरएनए काढणं हातखंडा काम आहे, माहितीपत्रक वाचून जमतं. कॅरियर आरएनए (विषाणूचा थोडासा आरएनए हरवू नये म्हणून सोबत घालायचा जास्तीचा आरएनए) घालायला विसरू नका आणि प्रत्येक खेपेला एक नळी निव्वळ पाण्याची किंवा विषाणू नसलेल्या रक्तद्रवाची ठेवा. ती नळी शेवटपर्यंत सोबत न्यायची.

खरी गोष्ट पुढे आहे. समजा व्हायरल लोड मिलिलिटरला १,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) आहे. तुम्ही १४० मायक्रोलिटर रक्तद्रव घेतलं, म्हणजे १४० आययू. आरएनए ६० मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि त्यातला ५ मायक्रोलिटर पुढच्या नळीत घातला. एकही रेणू वाया गेला नाही असं धरलं तरी नळीत साधारण १२ आययू पडले. आययू आणि प्रत्यक्ष प्रती यांचं प्रमाण चाचणीगणिक थोडं बदलतं, पण अंदाज हाच: मूठभर रेणू.

या मूठभर रेणूंपासून पीसीआरने कोट्यवधी प्रती होतील, एकाच वेळी असंख्य तुकडे वाचणाऱ्या नेक्स्ट जनरेशन मशीनवर दहा हजार रीड (वाचलेले तुकडे) मिळतील, आणि कोणीतरी लिहील, '१ टक्का प्रमाणातला दुर्मीळ बदल सापडला'. डझनभर रेणूंत १ टक्का म्हणजे काय? एका रेणूचा आठवा हिस्सा! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हेच व्हायरल लोड १,००,००० असतं तर नळीत सुमारे १,२०० आययू पडले असते आणि १ टक्क्याच्या बोलण्याला थोडा तरी आधार राहिला असता. प्रत्येक सॅम्पलसाठी हा हिशोब वहीत लिहून ठेवा. परीक्षकांनी विचारो न विचारो.

पायरी ४: प्रायमर आणि दोन फेऱ्यांचा पीसीआर

आरएनएपासून सीडीएनए (त्याची डीएनए-नक्कल) करताना रँडम हेक्झामर (कुठेही बसणारे सहा अक्षरांचे प्रायमर) वापरलेत तर एकाच सीडीएनएवर वेगवेगळे पट्टे वाढवता येतात. सुरुवातीला हेच बरं. मग नेस्टेड पीसीआर: पहिल्या फेरीत बाहेरची जोडी, त्यातला एखादा मायक्रोलिटर घेऊन दुसऱ्या फेरीत आतली जोडी. संवेदनशीलता वाढते, आणि धोकाही. एन्झाइम नकलेत कमी चुका करणारं घ्या, नाहीतर विषाणूने केलेला बदल कोणता आणि तुमच्या नळीतल्या टॅकने (पीसीआरच्या नेहमीच्या एन्झाइमने) केलेला कोणता हे सांगता येणार नाही. रँडम हेक्झामर लहान पट्ट्यांना ठीक. हजारो अक्षरांचा लांब तुकडा हवा असेल तर त्या पट्ट्याचा खास प्रायमर लागतो.

प्रायमर पेपरमधून जसेच्या तसे उचलू नका. प्रायमर ज्या वर्षी, ज्या देशात बनवला त्या सॅम्पलांवर तो बसत होता, एवढंच त्याबद्दल खात्रीने म्हणता येतं. जेनबँकेतून ३ए, ३बी, १ए, १बी, १सी, ६ असे आपल्याकडे भेटणारे क्रम उतरवा, एकाखाली एक लावा आणि प्रायमर त्यांच्यावर ठेवून बघा. मधल्या एखाद-दुसऱ्या विसंगतीने फारसं बिघडत नाही. ३' टोकाशी, शेवटच्या तीन-चार अक्षरांत विसंगती असेल तर तो सबटाइप तुमच्यापुरता अदृश्य झाला. जिथे दोन अक्षरं आलटून-पालटून येतात तिथे मिश्र अक्षर घालतात: ए किंवा जी साठी आर, सी किंवा टी साठी वाय. फार मिश्र अक्षरं घातली की प्रायमर कुठेही चिकटू लागतो, तेव्हा हात आखडता ठेवा.

व्हायरल लोड भरपूर आहे आणि तरी बँड येत नाही, अशी सॅम्पल 'फेल' म्हणून टाकून द्यायची खोड असते. माझ्या मते सगळ्यात रंजक सॅम्पल तीच. ती वेगळ्या डब्यात ठेवा, दुसऱ्या पट्ट्याचे प्रायमर लावून बघा. फेल सॅम्पल वगळून काढलेली 'सबटाइपांची टक्केवारी' ही विषाणूची टक्केवारी नसते, तुमच्या प्रायमरची असते.

आता माझी स्वतःची फजिती. नवीन असताना एका खेपेला पाण्याच्या नळीत पुसटसा बँड आला होता. "इतका पुसट, जाऊ दे," म्हणून मी पुढे गेले. तीन आठवड्यांनी क्रमांच्या नात्याचं झाड काढलं तर वेगवेगळ्या तालुक्यांतले सात रुग्ण एका रेषेवर कंगव्याच्या दातांसारखे उभे, फांद्यांची लांबी शून्य. क्षणभर वाटलं मोठी साथ सापडली! मग आमच्या पॉझिटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे पडताळणीसाठी ठेवलेल्या, विषाणूचा तुकडा असलेल्या प्लाझ्मिडचा, क्रम त्यात टाकला. तोही त्याच कंगव्यात जाऊन बसला. सात रुग्णांच्या नावाने मी एकाच प्लाझ्मिडचा क्रम सात वेळा वाचला होता. तेव्हापासून दुधाने पोळल्यासारखी ताकही फुंकून पिते.

म्हणून नियम: मिश्रण बनवायची खोली वेगळी, आरएनए घालायची वेगळी, पीसीआर झालेल्या नळ्या उघडायची तिसरी. माणूस आणि पिपेट पहिलीकडून तिसरीकडे जातील, त्या दिवशी उलटे येणार नाहीत. जागा नसेल तर निदान कपाटं, कोट आणि पिपेट वेगळे करा, फिल्टर टिप वापरा. पाण्याच्या नळीत काहीही दिसलं, कितीही पुसट, तर ती अख्खी खेप रद्द.

पायरी ५: सँगर सिक्वेन्सिंग

सुमारे ३४० अक्षरांच्या एकट्या तुकड्याला आजही सँगर पद्धत (एका वेळी एकच तुकडा वाचणारी) परवडते. जेलवर एकच स्वच्छ बँड बघा, उत्पादन शुद्ध करा आणि दोन्ही दिशांनी वाचायला पाठवा. एका दिशेची बचत करू नका.

फाइल आली की अक्षरं बघण्याआधी आलेख बघा. सुरुवातीची ३०-४० अक्षरं गढूळ असतात, ती कापायची. दोन्ही टोकांचे प्रायमरही कापायचे. हे बरेच जण विसरतात: तिथली अक्षरं प्रायमर बनवणाऱ्याने लिहिलेली असतात, रुग्णाच्या विषाणूची नसतात.

एकाच जागी दोन शिखरं दिसली तर घाईने 'मशीनची चूक' म्हणू नका. दोन्ही दिशांत तीच जोडी दिसत असेल तर तो बहुधा जमावातला खरा मिश्रपणा आहे, तिथे मिश्र अक्षर लिहा. सँगरला साधारण १५ ते २० टक्क्यांखालचा अल्पसंख्य विषाणू दिसत नाही, हे लक्षात असू द्या. आणि सगळीकडेच दुहेरी शिखरं असतील तर दोन सबटाइपांचा संसर्ग किंवा दोन सॅम्पलांची सरमिसळ, यांपैकी काहीतरी आहे. पुन्हा मूळ रक्तद्रवापासून सुरुवात.

पायरी ६: पूर्ण जीनोम हवा असेल तर

नवख्याने इथे एकदम उडी घेऊ नये, पण वाट माहीत असावी. पूर्ण जीनोमसाठी एकमेकांवर चढणारे पीसीआर तुकडे करता येतात. इथे पुन्हा प्रायमरची रडकथा. दुसरा मार्ग, रक्तद्रवातला सगळाच आरएनए वाचायचा. त्यात विषाणू मूठभर आणि माणसाचा आरएनए पोतंभर. तिसरा, विषाणूला चिकटणारे लांब प्रोब वापरून त्याला गाळून घ्यायचं. प्रोब लांब असल्यामुळे थोडीफार विसंगती खपवून घेतात. विविध जीनोटाइपांसाठी मला हा मार्ग पटतो, खर्च मात्र जास्त.

विश्लेषणात सगळ्यांची ठेच एकाच दगडाला लागते. रीड थेट एच७७ वर मॅप करायच्या, म्हणजे कुठली कुठे बसते ते बघायचं. एच७७ आहे १ए. तुमचा विषाणू ३ए असेल तर एक तृतीयांशाच्या जवळपास अक्षरं वेगळी. बदलत्या भागांतल्या रीड बसतच नाहीत, तिथे खड्डे पडतात, आणि नवखा लिहितो, 'या भागाचं सिक्वेन्सिंग झालं नाही'. झालेलं असतं हो, तुम्ही टाकून दिलंत! तेव्हा क्रम असा ठेवा: गुणवत्ता तपासा, माणसाच्या रीड काढून टाका (रुग्णाच्या खासगीपणासाठीही हे आवश्यक), उरलेल्या रीड स्पेड्ससारख्या प्रोग्रॅमने संदर्भाविना जोडा, आलेल्या तुकड्यांवरून सगळ्यात जवळचा संदर्भक्रम शोधा, त्यावर मॅप करून एकमत-क्रम (प्रत्येक जागी बहुसंख्य रीडमधलं अक्षर) काढा, आणि मग त्याच एकमत-क्रमावर सगळ्या रीड पुन्हा मॅप करा. शेवटची फेरी कंटाळवाणी वाटते, पण एचव्हीआर१ भरून निघतो तो तिथेच.

जिथे पुरेशा रीड नाहीत तिथे अक्षराऐवजी 'एन' लिहा. संदर्भक्रमाचं अक्षर भरू नका. अल्पसंख्य बदलांसाठी स्वतःची सीमा आधीच ठरवा. औषधप्रतिरोधाच्या बाबतीत १५ टक्क्यांची सीमा बरेच जण वापरतात. एक-दोन टक्क्यांवर मशीनचा, पीसीआरचा आणि शेजारच्या सॅम्पलचा गोंगाट सुरू होतो.

पायरी ७: झाडाआधीच्या चार चाचण्या

प्रत्येक क्रम ब्लास्टमध्ये, म्हणजे जेनबँकेतले जुळणारे क्रम शोधणाऱ्या साधनात, टाका. सगळ्यात जवळचा जोडीदार जेएफएच-१ किंवा एच७७ सारखा लॅबमध्ये वाढवलेला वाण निघाला आणि साम्य ९९ टक्क्यांवर असेल तर आधी फ्रीजरकडे संशयाने बघा. मग लॅबमधल्या जुन्या सगळ्या क्रमांशी ताडून बघा. मग क्रम प्रथिनात भाषांतरित करा: मध्येच स्टॉप कोडॉन आला तर एखादं अक्षर सुटलंय किंवा जास्तीचं आलंय, आलेखावर परत जा. शेवटची चाचणी जीनोटाइपाची. ग्लासगोच्या एचसीव्ही-ग्लू किंवा जर्मनीतल्या जीनो२फीनोसारख्या संकेतस्थळावर क्रम दिला की सबटाइप आणि प्रतिरोधाचे बदल दोन्ही समोर येतात. ते उत्तर अंतिम मानू नका, झाडाशी जुळतं का बघा.

पायरी ८: मांडणी आणि झाड

माफ्ट या प्रोग्रॅमने क्रम एकाखाली एक लावा आणि अलीव्ह्यू किंवा मेगा या प्रोग्रॅममध्ये डोळ्यांनी तपासा. फटी तीन-तीन अक्षरांच्याच असायला हव्यात. एक-दोन अक्षरांची फट कोडॉन तोडते, आणि ती बहुतेक वेळा वाचनाची चूक असते.

संदर्भक्रम निवडताना हात सैल सोडा. विषाणू वर्गीकरण समितीच्या यादीतला प्रत्येक सबटाइपाचा निदान एक क्रम घ्या आणि शिवाय तुमच्या प्रत्येक क्रमाचे ब्लास्टमधले जवळचे दहाएक जोडीदार. हे जोडीदार वगळले तर तुमचेच रुग्ण एकमेकांना चिकटलेले दिसतात, कारण बिचाऱ्यांना दुसरं कोणी नातेवाईकच दिलेलं नसतं. झाड काढणारा आयक्यू-ट्री हा प्रोग्रॅम अक्षरं कशी बदलतात याचं मॉडेल स्वतः निवडतो आणि बूटस्ट्रॅपने (विदा पुन्हा पुन्हा निवडून फांदी किती वेळा टिकते ते बघून) फांद्यांचा आधारही काढतो. त्याच्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये ९५ आणि त्यावरच्या फांदीवर भरवसा ठेवा. साध्या बूटस्ट्रॅपचा ७० चा आकडा इथे लावू नका, दोन्ही मोजमापं वेगळी आहेत.

झाड वाचताना नवख्यांचे डोळे वरून खाली जातात आणि शेजारी छापलेली दोन नावं जवळची वाटतात. तसं नसतं. फांद्या गाठीभोवती फिरवता येतात. एका नावापासून फांदीवरून चालत गाठीपर्यंत जा, तिथून दुसऱ्या नावापर्यंत. ते आडवं अंतर मोजायचं, उभं अंतर फक्त कागदावरची सोय.

सबटाइपाचा १५ टक्क्यांचा निकष पूर्ण कोडिंग पट्ट्यासाठी आहे. ३४० अक्षरांत १६ टक्के फरक दिसला म्हणून 'नवा सबटाइप' जाहीर करू नका. त्यासाठी एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन रुग्णांमधून जवळपास संपूर्ण कोडिंग क्रम हवा. उत्साहाच्या भरात याकडे कानाडोळा झालेले प्रबंध मी वाचलेत.

संसर्गाच्या साखळीबद्दल तर जास्तच जपून. स्पेनमधल्या वालेन्सियात एका भूलतज्ज्ञाकडून २७५ रुग्णांना हा विषाणू गेल्याचा खटला चालला आणि २००७ मध्ये शिक्षा झाली. तिथे ई१-ई२ पट्ट्याचे प्रत्येक रुग्णामागे अनेक क्लोन वाचले, साथीशी संबंध नसलेल्या स्थानिक रुग्णांचे क्रम तुलनेला घेतले, आणि त्या विश्लेषणाने काही संशयित रुग्णांना साथीतून बाहेरही काढलं. एनएस५बी च्या ३४० अक्षरांवर दोन माणसं जवळ दिसली की 'याच्याकडून त्याला' असं लिहायचं नाही. दोघांनाही तिसऱ्याकडून आलेला असू शकतो, आणि तो तिसरा तुमच्या यादीत नसेल. मागे एखादं डायलिसिस युनिट किंवा दवाखाना असेल तर या वाक्याने कोणाची नोकरी जाऊ शकते.

मात्र मोठ्या पटावर हेच झाड फार काही सांगून जातं. इजिप्तमध्ये ४ए का एवढा माजला? शिस्टोसोमा या कृमीविरुद्ध विसाव्या शतकाच्या मध्यापासून गावोगावी इंजेक्शनच्या मोहिमा झाल्या, सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. विषाणूच्या क्रमांवरून मागे जात काढलेला प्रसाराचा आलेख त्याच काळात उसळी घेतो. तारखा नीट नोंदवलेल्या सॅम्पलांशिवाय असलं काही जमत नाही, म्हणून दुसऱ्या पायरीवर तारखेसाठी एवढी कटकट केली.

पायरी ९: जेनबँकेत देणं

काम झालं की क्रम जेनबँकेत द्या. पेपर निघण्याची वाट बघायची गरज नाही, ठरावीक तारखेपर्यंत तो झाकून ठेवायची सोय आहे. विषाणूच्या नावात रुग्णाची आद्याक्षरं किंवा केस पेपरचा नंबर येऊ देऊ नका. देश, राज्य, वर्ष, सबटाइप आणि वाचलेला पट्टा भरा. छोट्या गावातून एकच रुग्ण असेल तर गावाचं नाव गाळा, जिल्हा पुरे. प्रायमरचे क्रमही द्यायची जागा असते, ती रिकामी ठेवू नका. पाच वर्षांनी कोणाला तरी तुमचे 'फेल' सॅम्पल का फेल झाले ते त्यावरूनच कळेल. नंबर आला की वहीत त्या सॅम्पलच्या ओळीत लिहा, आणि उरलेल्या रक्तद्रवाची नळी कुठल्या रॅकमध्ये, कुठल्या खणात आहे तेही. ते 'फेल' वाले डबे फ्रीजरच्या मागच्या बाजूला सरकतात आणि बर्फात गाडले जातात. त्यांना पुढे ठेवा.